वादळाच्या दिवशी मालक कोण

५ जानेवारी

दादा,

सलाम. पत्र लिहायला कारण आहे, आणि ते सव्वा टन वजनाचं आहे. तेव्हा सात वर्षांच्या अबोल्याची कडी मी माझ्या बाजूने काढतेय. तुझ्या बाजूची तू काढ किंवा काढू नकोस, पण पत्र फाडण्याआधी निदान वाच.

गावाला यंत्र मिळतंय! खारं पाणी गोडं करणारं, उन्हावर चालणारं, दिवसाला दहा हजार लिटर देणारं. मी हे तीनदा लिहून खोडलं, कारण अक्षर आनंदाने वाकडं येत होतं. मास्तरीणबाईंनी पाहिलं असतं तर हातावर पट्टी बसली असती. त्या आता शाळेतून निवृत्त होऊन पाणी समितीच्या अध्यक्ष झाल्या आहेत, आणि आम्हाला अजून चौथीतली मुलंच समजतात. समितीत मी मिस्त्री. गावात पंप बिघडला की लोकांना मी आठवते, एरवी कोण विचारतं.

तू गेलास तेव्हा खाडीकाठच्या तीनच विहिरी खाऱ्या होत्या. आता अकराच्या अकरा आहेत. समुद्र दरवर्षी थोडा वर सरकतो आणि जमिनीखालून गुपचूप विहिरीत येतो. भांडणार तरी कोणाशी? सात घरं कुलूप लावून निघून गेली. आईचं बीपी सारखं वर जातंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे मिठाचं पाणी पोटात जातंय तोवर माझ्या गोळ्यांचा उपयोग नाही. उन्हाळ्याआधी पाणी बदला, नाहीतर गाव बदला." आई म्हणाली, "मी या घरातून हलणार नाही. पाणी बदला." म्हणजे आईचा निकाल लागला, आता आमचा लागायचाय.

आता तुझा संबंध. पैसे तुझ्या बँकेचे आहेत. जिथे समुद्र चढला, पाऊस बिघडला, ऊन पेटलं, अशा गावांसाठी तिथे लोकांनी पैसे घातलेत म्हणे, आणि व्याज नाही. तालुक्याच्या शाखेतल्या चष्मेवाल्या साहेबांनी मला समजावलं. बँक यंत्र स्वतः विकत घेणार आणि आम्हाला भाड्याने देणार, यालाच इजारा म्हणतात. भाडं घरटी थोडं थोडं. पाच वर्षांनी यंत्र गावाचं. तोवर मालक बँक, आणि आमच्या हलगर्जीशिवाय ते मोडलं तर भुर्दंडही बँकेचा. मी म्हटलं, साहेब, इतका शहाणा सावकार मी पहिल्यांदाच बघतेय. ते म्हणाले, "आम्ही सावकार नाही, बाई, म्हणून तर." आणि चष्मा पुसत बसले.

पण सगळे कागद मुख्य कचेरीत तीन आलिमांच्या, म्हणजे तुम्हा धर्मशास्त्र जाणणाऱ्यांच्या, मंडळापुढे जातात, आणि तिघांतला एक तू. मी कोणाला सांगितलेलं नाही की तू माझा भाऊ आहेस. तूही सांगू नकोस. सांगितलंस तर लोक म्हणतील वशिला, आणि अर्ज गाळात जाईल.

मागचं उकरत नाही. फक्त एवढंच लिहिते. पुरात माझं वर्कशॉप वाहून गेलं, मी व्याजाने कर्ज काढलं, आणि तू म्हणालास की व्याजावर उभ्या राहिलेल्या घरात तू पाय ठेवणार नाहीस. मी म्हटलं, नको ठेवूस. ते कर्ज केव्हाच फिटलं. आपलं भांडण मात्र फिटलं नाही. यंदा मी तुझ्याच वाटेने आले आहे, तेव्हा हसायचं असेल तर दार लावून हस.

तुझी धाकटी


२४ जानेवारी

दादा,

घेतलं! यंत्र घेतलं! तुझं उत्तर आलं नाही, पण मला थांबवत नाहीये.

बंदरावर विक्रेत्याकडे एकच नग उरला होता. कोणी दुसरं गिऱ्हाईक दोनदा बघून गेलं होतं, आणि पहिल्या तारखेपासून किंमत वाढणार होती. बँकेचे कागद अजून फिरत होते. मग मी काय केलं, तर समितीने शेड, टाकी आणि नळांसाठी जमवलेले पैसे उचलले आणि सगळे मोजून दिले. बिल समितीच्या नावावर. बँकेचे पैसे आले की शेडचं काम करू. आहे की नाही तुझ्या बहिणीला डोकं?

तू बघायला हवं होतंस. निळंशार, तुझ्याहून हातभर उंच. पोटात सहा पांढऱ्या जाड नळ्या, त्यांत पाणी जोराने दाबायचं की मीठ मागे राहतं. पंपावर कान ठेवून मी तो चालू करायला लावला. काय आवाज! एकही फट नाही, एकही खडखड नाही. विक्रेता म्हणाला, "बाई, लोक रंग बघतात, तुम्ही पहिल्याच ज्यांनी कान लावला." मी म्हटलं, रंग तुम्हीच ठेवा, मला आवाज द्या. सध्या यंत्र त्याच्याच गोदामात आहे. बँकेचा शिक्का बसला की ट्रक.

मास्तरीणबाई तेवढ्या खूश नाहीत. म्हणाल्या, "अति घाई संकटात नेई." मी म्हटलं, बाई, ती पाटी ट्रकवाल्यांसाठी असते. त्या म्हणाल्या, "आणि तुझ्यासाठीही. तू काही कमी वजनाची नाहीस."

आईने विचारलंय, दादा जेवतो का नीट. मी उत्तर द्यायला तुझ्या पदरी नाही, तूच दे.

तुझी धाकटी


२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. बँकेच्या कागदावर, "अर्जदार यांस", आणि खाली तीन ओळी. "जे यंत्र आधीच तुमच्या मालकीचे आहे, ते तुमच्याकडून विकत घेऊन बँक तुम्हालाच भाड्याने देऊ शकत नाही. तसे करणे म्हणजे पैसा देऊन जास्त पैसा घेण्याची आडवाट ठरते. अर्ज नामंजूर." सात वर्षांनी भावाचं पत्र आलं ते हे!

मग पेन्सिलीने कोपऱ्यात: "खरेदी रद्द कर. यंत्र परत विक्रेत्याचं होऊ दे. मग बँक घेईल. आधी मालकी, मग भाडं. क्रम चुकवू नकोस."

क्रम! यंत्र तेच, पैसे तेवढेच, गाव तेच, तहान तीच. मी आधी घेतलं की बँकेने आधी घेतलं, याने पाण्यातलं मीठ कमी-जास्त होतं का? मी वर्कशॉपमध्ये इतकी ओरडले की पान्हा घ्यायला आलेला शेजारी पान्हा न घेताच परत गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गप्प राहिले असते, बिल उशिरा दाखवलं असतं, तर कोणाला कळणार होतं? (हो, तुला कळलं असतं. माहीत आहे.)

तरी मी गेले. आईकडे बघून गेले. विक्रेत्याच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. त्याने खरेदी रद्द केली आणि पैसे परत दिले, पण कापून. जितके कापले तितक्यात गावभर नळ आले असते. आणि ते दुसरं गिऱ्हाईक अजून बंदरावर घिरट्या घालतंय. त्याने आज-उद्यात यंत्र उचललं तर काय करायचं, हे तुझ्या पेन्सिलीने लिहिलेलं नाही. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले आहे मी, आणि लावणारा तू.

तुझ्या तत्त्वाचे पाय कधी चिखलात भरत नाहीत. चिखलात आम्ही असतो.

अर्जदार


१२ फेब्रुवारी

दादा,

मागचं पत्र रागात टाकलं. ते मागे घेत नाही, पण आज राग नाही, कारण यंत्र आपलं झालं! म्हणजे बँकेचं झालं. म्हणजे तू म्हणतोस तसं झालं.

काल, अकरा तारखेला, चष्मेवाले साहेब बंदरावर आले. मला वाटलं सही करतील आणि जातील. छे! यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या, नंबर ताडला, आणि मग त्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

मी विचारलं, "साहेब, ताप आहे का त्याला?"

"ताबा घेतोय, बाई. नुसत्या कागदावर मालक होऊन चालत नाही, असं मंडळाने कळवलंय. प्रत्यक्ष जा, हात लावा, पावती घ्या, गोदामाचं भाडंही आपल्या नावावर करा."

"कोणी कळवलं?"

"आहेत एक. भारी चिकट माणूस."

मी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले, नाहीतर तिथेच फुटले असते हसून. चिकट! लहानपणी पतंगाचा मांजा गुंडाळताना गाठ दिसली तर सगळा उलगडून परत गुंडाळणारा तू.

ताब्याची पावती झाली, तारीख अकरा. मग भाड्याच्या करारावर मास्तरीणबाईंनी सही केली, चष्मा वर-खाली करून प्रत्येक ओळ वाचून. भाडं सुरू होणार गावात पहिलं पाणी पडेल त्या दिवसापासून. पंधराला ट्रक येतोय. शेडचे खांब उभे राहिलेत, टाकीचा चौथरा सुकतोय. मी दिवसातून तीनदा जाऊन त्यावर पाणी मारते, तेही खारंच, पण चौथऱ्याला बीपी नाही.

आई रोज विचारते, आलं का यंत्र. आज मी म्हटलं, आलंच समज.

तुझी धाकटी


१६ फेब्रुवारी

दादा,

परवा चौदाला वादळ आलं. आम्ही सगळे धड आहोत, आई धड आहे, शेडचे खांब पडले. बंदरावरचं गोदामही पडलं. समुद्राकडची भिंत यंत्रावर आली आणि मागून पाणी.

मी काल गेले. निळा रंग तेवढा ओळखू आला. सहापैकी चार नळ्या पिचलेल्या. पंप उघडला तर आत वाळू. ज्या पंपावर कान ठेवला होता त्याला मी हाताने फिरवून पाहिलं, हलला नाही. तिथेच विटांवर बसले. मनात आलं, संपलं. आईला कुठे नेऊ, मास्तरीणबाईंना काय सांगू, ज्यांनी घराघरातून पैसे दिले त्यांच्या डोळ्यांत कसं बघू?

आणि मग, दादा, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे यंत्र आमचं नाही! ते बँकेचं आहे! तीन आठवड्यांपूर्वी, यंत्राचं बिल समितीच्या नावावर असताना वादळ आलं असतं तर गावाचा पै न् पै या ढिगाऱ्याखाली गेला असता. आज आमचे पैसे आमच्याकडे आहेत. मी हसायला लागले. मोठमोठ्याने. राखणदार धावत आला, त्याला वाटलं बाईचं डोकं फिरलं. मी त्याला म्हटलं, "अहो, हे माझं नाही!" तो म्हणाला, "मग रडत का होता?"

तुझा क्रम मला काल त्या विटांवर कळला. तू सात वर्षं समजावलं असतंस तरी कळला नसता. लिहायला जड जातंय पण लिहिते. तू बरोबर होतास.

पण आता खरी गोम. मुख्य कचेरीतले काही साहेब म्हणतात, पहिलं बिल समितीच्या नावावर होतं, यंत्र समितीनेच निवडलं, करारावर समितीची सही झाली होती, बँक नुसती मधे उभी होती, तेव्हा भुर्दंड समितीने सोसावा. पंचवीसला मंडळ ठरवणार. चष्मेवाले म्हणतात, तिघांतले एक आपल्या बाजूने आहेत, एक थोरले आलिम कचेरीच्या बाजूने झुकतील असं सगळे धरून चाललेत, आणि तिसऱ्याचं काही सांगता येत नाही. तिसरा तू.

दादा, एकच मागते. कोणाला काही सांगू नकोस. नातं आत्ता बाहेर आलं तर तुझं मत बाद होईल, आणि आपण एकाला एक असे लटकू. नुसता बस, आणि मत दे. ते खरंच मत आहे, खोटं बोल म्हणत नाहीये मी. आईचं बीपी काल एकशे ऐंशी होतं.

तुझी धाकटी


२८ फेब्रुवारी

दादा,

कळलं मला. बैठक सुरू झाली आणि तू काही वेळाने उठून बाहेर पडलास. मत न देता. चष्मेवाल्यांना कचेरीच्या शिपायाने फोनवर सांगितलं, निकाल कोणालाच माहीत नाही, पण तू जिना उतरताना दिसलास हे नक्की.

एक मत! तेवढंही तुझ्याने झालं नाही. सात वर्षांपूर्वीही तू असाच उठून गेला होतास. ओरडला असतास, भांडला असतास, तर मी समजू शकले असते. तुझं हे निघून जाणं मला कधीच समजलं नाही.

आईला तुझ्याकडे पाठवायचं ठरवलंय. तिथे नळाला पाणी तरी गोडं आहे. तिला सांगितलं तर तिने पिशवीत भरलेले कपडे एकेक काढून परत खुंटीला लावले. म्हणाली, "तो उगीच उठत नाही. काहीतरी केलं असेल त्याने." तिला कोण समजावणार. ती तुझी आई आहे, तुझी बाजू घेणारच.

मला उत्तर नको.


२० मार्च

दादा,

मागच्या पत्राला वीस दिवस झाले. निम्मे दिवस कामात गेले आणि निम्मे लाजेत. आधी कामाचं सांगते, कारण लाजेचं लांबणार आहे.

पाणी आलं!! परवा, अठरा तारखेला, सकाळी साडेनऊला. नवं यंत्र बँकेने पाठवलं, हे हिरवं आहे, आवाज पहिल्याइतकाच देखणा. मी सहा दिवसांत बसवलं. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा अख्खं गाव कळशा घेऊन उभं. आधी नळातून नुसती हवा, मग थुंकल्यासारखं दोनदा, मग धार. लोक ओरडले, मी सगळ्यांत जास्त ओरडले. मास्तरीणबाईंनी रांग लावा, रांग लावा म्हणत स्वतःच रांग मोडली. कुलूप लावून गेलेल्या सातपैकी दोन घरांनी निरोप पाठवलाय, खरं का म्हणून.

पहिला पेला आईला दिला. तिने घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मी श्वास रोखून उभी. म्हणाली, "काहीच चव नाही याला." आम्ही सगळे हसत सुटलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, तीच चव." दोन दिवसांत बीपी लगेच उतरणार नाही हे मला कळतं, तरी मी रोज मोजायला लावते.

आता दुसरं. निकालाचं पत्र घेऊन चष्मेवाले स्वतः आले होते, चार तारखेला. वर्कशॉपमध्ये माझ्या मोडक्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही मला सांगितलं नाहीत." मला वाटलं कसलं बिल राहिलं. मग त्यांनी सगळं सांगितलं, त्या दिवशी खोलीत चहा ठेवायला गेलेल्या शिपायाकडून त्यांना कळलेलं, आणि मी पान्हा हातात धरून ऐकत राहिले.

तू उभा राहिलास. म्हणालास, "समितीची मिस्त्री माझी सख्खी बहीण आहे. हे मी पहिला अर्ज आला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ही माझी चूक. माझं मत धरू नका." मग ताब्याची पावती थोरल्या आलिमांपुढे ठेवलीस आणि एवढंच म्हणालास, "ताबा अकराला, वादळ चौदाला. बाकी तुम्ही दोघं बघा." आणि बाहेर गेलास, म्हणजे तुझ्याकडे बघून कोणाला संकोच वाटू नये.

ज्यांना सगळ्यांनी बँकेचे धरलं होतं, त्या थोरल्या आलिमांनी ती पावती म्हणे दहा मिनिटं पाहिली. कचेरीचे साहेब बोलत होते, पहिलं बिल, जुनी सही, असं काय काय. आलिम म्हणाले, "नफा हवा तेव्हा तुम्ही मालक, आणि भिंत पडली की नुसते मधे उभे? असं नसतं. मालकी घेतली, तोटाही घ्या." आणि सही केली. मग दुसऱ्यांनी. दोन सह्या, दोन्ही आमच्या बाजूने. वशिल्याचा एक डागही नाही त्यावर, आणि तू तिथे बसून राहिला असतास तर पडला असता.

चष्मेवाले निघाले, दारात थांबले, आणि चष्मा पुसत म्हणाले, "त्यांना मंडळातून काढलंय. सहा महिने. नातं लपवल्याबद्दल." मी म्हटलं, लपवायला मी सांगितलं होतं. ते म्हणाले, "ते त्यांनी सांगितलं नाही."

दादा, ते गेल्यावर मी शटर ओढलं आणि रडले. खूप रडले. तू उठून गेलास म्हणून सात वर्षं मी तुला पाण्यात पाहिलं, आणि तू उठलास तो मोठ्या माणसांच्या खोलीत, मी तुझी सख्खी बहीण आहे हे सांगायला. तेही कुठे, तर जिथे ते सांगून तुझंच नुकसान होणार होतं. मी तुला इतकं वाईट पत्र लिहिलं. आईच्या नजरेला मी अजून नजर देऊ शकत नाही. ती नुसती माझ्याकडे बघून पाणी पिते.

गप्प राहायची कल्पना माझी, शिक्षा तुला. हे मला मान्य नाही. तूच लिहिलंस ना, आधी मालकी. तर ही चूक माझ्या मालकीची आहे, आणि तिचा तोटा मी घेणार. सहा महिने तू रिकामा आहेस. ते इथे काढ. समितीला करार वाचता येणारा माणूस हवाय, कारण शेजारच्या दोन गावांनी यंत्र मागितलंय आणि त्यांची मिस्त्री माझ्याहून उतावळी आहे. पगार नाही, पाणी आहे.

बुधवारच्या बसला मी स्टँडवर उभी असेन. या बुधवारी नाही आलास तर पुढच्या बुधवारी, आणि त्याच्या पुढच्या. लोक विचारतील कोणाची वाट बघतेस, तर मीही सगळ्यांसमोर सांगेन.

तुझी सख्खी बहीण